मेथीचे दाणे आणि दाराशी आलेले मांजर



तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडील हवा पालटते. काशीगावची थंडी ती केवढी! पहाटेचा पारा सतरा-अठरा अंशांवर उतरला की कपाटातले स्वेटर बाहेर येतात. तरीही पावसाळ्याचा दमट, कुबट वास जातो, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांकडून सकाळी कोरडा गारवा येतो आणि दुपारच्या उन्हाचा चटका सोसवेल इतका कमी होतो. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर या भाज्यांना नेमकी हीच हवा मानवते. ज्येष्ठांच्या सांध्यांना आणि श्वासाला मात्र ती मानवतेच असे नाही. म्हणून या दिवसांत दवाखान्यातील गर्दी वाढते आणि त्या गर्दीत एक प्रश्न हमखास येतो.

"डॉक्टर, आईने गॅलरीत कुंड्या मांडल्या आहेत. त्यात आता एक भटके मांजर येऊन बसू लागले आहे. या वयात हे सारे योग्य आहे का?" विचारणारी मुलगी किंवा सून असते, कधी मुलगा असतो. आई शेजारच्या खुर्चीवर गप्प बसलेली असते. प्रश्न तिच्याविषयी असतो, पण तिला विचारलेला नसतो.

या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : होय, योग्य आहे, परंतु काही अटी पाळून. आजचा लेख त्या अटींचा आहे. तो ज्येष्ठांनी वाचावा, आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी त्यांच्या शेजारी बसून वाचावा, अशी माझी विनंती आहे.

आपल्यावाचून कोणाचे तरी अडावे

उतारवयात गुडघे, दृष्टी, स्मरण यांची झीज होते, हे सर्वांना दिसते. न दिसणारी एक झीज आणखी असते. मुले आपापल्या संसारात स्थिर होतात, नोकरी संपलेली असते, जोडीदार कधी पुढे निघून गेलेला असतो. सकाळी उठलो नाही तर कोणाचे काही अडेल, असे उरत नाही. औषधे वेळेवर मिळतात, जेवण वाढून येते. घेणे खूप होते, देण्याजोगे काही राहत नाही. पुष्कळ ज्येष्ठांची भूक, झोप आणि उमेद तिथून मंदावू लागते. रक्ताच्या कोणत्याही चाचणीत हे उमटत नाही.

या संदर्भात एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धनिवासातला आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील ९१ रहिवाशांचे दोन गट होते. दोन्ही गटांना एकेक रोपटे देण्यात आले. एका गटाला सांगितले, "तुमच्या आवडीचे रोप निवडा, त्याची निगा तुम्हीच राखायची आहे. खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा, हेही तुम्हीच ठरवा." दुसऱ्या गटाच्या हाती रोप ठेवून सांगितले, "पाणी परिचारिका घालतील. तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ." अवघ्या तीन आठवड्यांत पहिल्या गटातील माणसे अधिक तरतरीत, अधिक हिंडती-फिरती आणि अधिक आनंदी दिसू लागली. दीड वर्षानंतरच्या पाहणीतही त्यांची स्थिती बरी होती. प्रयोग लहान होता, आणि रोपटे हा त्यातील एकच भाग होता. तेव्हा त्याला मंत्र मानू नये. तरी त्यातला भेद ध्यानात घ्यावा. रोप दोघांकडेही होते. जबाबदारी एकाच गटाकडे होती.

म्हणून काळजीवाहकांना माझे सांगणे आहे : काळजी घेणे म्हणजे हातातले काम काढून घेणे नव्हे. आजोबांच्या हातून पाणी सांडेल म्हणून झारी तुम्ही उचललीत, तर फरशी कोरडी राहील; पण आजोबांची सकाळ रिकामी होईल. झारी लहान आणा, फरशीवर न सरकणारे पायपुसणे अंथरा, आणि पाणी त्यांनाच घालू द्या.

कुंडीतला हिवाळा

बहुतेक मराठी घरांत बागेचा आरंभ आधीच झालेला असतो. तुळशीची कुंडी ही आपली पहिली बाग. तिच्या शेजारी आणखी चार कुंड्या एवढाच विस्तार ज्येष्ठांसाठी पुरेसा आहे. मीरा-भाईंदरचा हा पट्टा एकेकाळी भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता. आता इमारती उभ्या आहेत, आणि जमिनीची जागा दोन हातांच्या गॅलरीने घेतली आहे. तरीही निराश होऊ नये. कोल्हापूरचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून हेच शिकवले, की शेतीचे खरे भांडवल सूर्यप्रकाश आहे आणि तो पानांनी किती टिपला यावर पीक ठरते. त्याच विचाराने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून माती तयार केली आणि भाज्या व फळझाडे वाढवली.

तेव्हा आधी ऊन मोजा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात कोरडी राहणारी दक्षिणेची गॅलरी डिसेंबरात आतपर्यंत उजळते, आणि उत्तरेच्या गॅलरीत थेट ऊन जवळजवळ येत नाही. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कोठे आहे, हे दोन दिवस पाहून कागदावर टिपा. चार तास ऊन असेल तर पालेभाज्या येतील. वांगी-टोमॅटोला सहा तास हवेत.

पेरणी अगदी घरच्या सामानात होते. मेथीचे दाणे मसाल्याच्या डब्यात असतातच. ते रात्रभर भिजवा आणि सहा-सात इंच खोल, बुडाला भोके असलेल्या पसरट टोपलीत किंवा ट्रेमध्ये पेरा. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घ्या. वर दाणा झाकेल एवढाच मातीचा थर द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर दिसतात. आपल्या किनारपट्टीवर रेतीत उगवलेली इवलीशी मेथी 'समुद्र मेथी' म्हणून मुळांसकट विकली जाते; तशी कोवळी हवी असेल तर दहा-बारा दिवसांत काढा. मोठी जुडी हवी असेल तर महिनाभर थांबा. धणे पेरताना ते लाटण्याने हलके रगडून दोन दले वेगळी करा, नाहीतर उगवण फार रेंगाळते. लाल माठ साधारण महिन्यात आणि पालक सव्वा महिन्यात खुडता येतो. मुळ्याला दीड महिना आणि निदान दहा इंच खोली लागते. वांग्याचे रोप रोपवाटिकेतून आणावे. या पंधरवड्यात लावले, तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत घरचे एखादे वांगे पडावे, अशी आशा धरता येते.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. या चार कुंड्यांनी मंडईचा खर्च वाचणार नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्यास सांगते. ती गरज भाजीवालीच भागवील. मात्र ज्या आजोबांना पालक नकोसा वाटतो, ते स्वतः खुडलेला पालक ताटात आनंदाने घेतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. भाजी एक वाटीच असेल. पण ती खाल्ली जाते.

बागकाम करणाऱ्या शरीरासाठी

उकिडवे बसू नका. कुंड्या कमरेइतक्या उंच, भक्कम बाकावर मांडा आणि पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसून काम करा. रक्तदाबाच्या, लघवीच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे एकदम उठताना रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून उठण्यापूर्वी मिनिटभर पायांची हालचाल करा, आधार धरा, मग उभे राहा. ओल्या मातीने भरलेली मोठी कुंडी पंधरा-वीस किलोंची असते. ती ज्येष्ठांनी उचलू नये. कुंडी कठड्यावर कधीही ठेवू नये. वाऱ्याने किंवा मांजराच्या उडीने ती खालच्या माणसाच्या डोक्यावर पडू शकते.

मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी गॅलरीतही बंद चपला वापराव्यात. रुतलेला खडा किंवा काटा त्यांना जाणवत नाही आणि जखम चिघळते. हातांत मोजे घालावेत. दमा किंवा जुनाट खोकला असेल, तर कोरड्या खताची पिशवी तोंडाजवळ धरून उघडू नये; खत आधी ओलसर करून घ्यावे. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. मागील दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसेल, तर ती या महिन्यातच घ्या. ज्येष्ठांमध्ये ही लस हटकून राहून गेलेली असते.

कुंडीखालच्या ताटलीतील पाणी आठवड्यातून एकदा तरी रिकामे करून ताटली घासून पुसावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला जेमतेम आठ-दहा दिवस लागतात. एखादा वार 'कोरडा दिवस' म्हणून ठरवून टाका.

आणि ताटातील भाजीविषयी दोन सूचना. हृदयाच्या झडपेसाठी किंवा रक्तातील गुठळीसाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर पालक-मेथीतील 'के' जीवनसत्त्वाने तिचा परिणाम कमी होतो. पालेभाजी सोडायची नसते. मात्र रोजचे प्रमाण साधारण एकसारखे ठेवावे. कुंडी बहरली म्हणून आठवडाभर पालकच खाणे टाळावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पालक, टोमॅटो यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाहुण्याचे आगमन

भुसभुशीत माती तयार झाली, की मांजर येते. हा योगायोग नव्हे. उन्हाने तापलेली मऊ माती त्याला निजायला आवडते, आणि शौचासाठीही त्याला तीच लागते. मासळी बाजाराच्या, गाड्यांखालच्या, जिन्यांतल्या मांजरांपैकी एखादे तळमजल्याच्या खिडकीत किंवा पहिल्या मजल्याच्या सज्जावर येऊन बसते आणि आपल्याकडे रोखून पाहते.

मैत्री करायची असेल तर ती त्याच्या गतीने करावी. हात पुढे करून बोलावू नका. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खाणे ठेवा आणि चार हात दूर खुर्चीवर बसा. त्याच्याकडे टक लावून पाहू नका. डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले, की असे डोळे किलकिले करणाऱ्या माणसाला मांजरे तशीच दाद देतात आणि त्याच्या जवळ येण्यास अधिक राजी असतात. आठवडा लागेल, महिनाही लागेल. ज्येष्ठांपाशी वेळ असतो, आणि मांजराला नेमका तोच हवा असतो. ते स्वतः येऊन पायाला अंग घासेल, तेव्हा गालाजवळ एका बोटाने खाजवावे. पोटाला हात लावू नये. शेपटी आपटू लागले किंवा कान मागे गेले, की थांबावे.

खायला काय द्यावे? मांजर म्हणजे दूध, हे आपल्या मनात बालपणापासून बसलेले आहे. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. स्वच्छ पाणी, मीठ-मसाला न घालता उकडून काटे काढलेली मासळी किंवा बाजारातील कोरडे खाद्य द्यावे. कांदा-लसूण त्यांना विषारी असतो; म्हणून रश्श्यातला उरलेला तुकडा देऊ नये. मांजर निपचित पडले म्हणून कोणीही आपल्या डब्यातील पॅरासिटामॉलची गोळी त्याला देऊ नये. माणसाचा ताप उतरवणारी एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. त्याच्या आजारासाठी पशुवैद्य गाठावा.

माती आणि मांजर एकत्र येतात तेव्हा

इथे डॉक्टर म्हणून मला अधिक कडक व्हावे लागते. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत येऊ शकतो. प्रत्येक मांजर तो पसरवत नाही. संसर्ग झाल्यानंतर बहुधा काही आठवडेच तो विष्ठेतून बाहेर पडतो. निरोगी माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही. परंतु घरात गर्भवती सून किंवा लेक असेल, कोणाला कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे असतील, तर धोका गंभीर आहे. अशा व्यक्तींनी कुंडीची माती आणि मांजराची घाण यांना हात लावू नये.

उपाय सोपे आहेत. पेरलेल्या कुंडीच्या तोंडावर जाळी बांधा, किंवा मातीवर नारळाच्या सोडणांचे तुकडे अथवा खडबडीत गोटे दाटीने पसरा. मांजर तिथे बसत नाही. त्याच्यासाठी कोपऱ्यात वाळूचा स्वतंत्र ट्रे ठेवा. तो घरातील सशक्त माणसाने मोजे घालून रोज साफ करावा. विष्ठेतील परजीवी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजची सफाई हेच खरे संरक्षण. ज्या कुंडीत मांजराने घाण केली, तिच्यातली भाजी कच्ची खाऊ नये. मुळा, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी, आणि मातीकाम झाले की हात साबणाने धुवावेत.

चावा किंवा ओरखडा

रेबीज केवळ कुत्र्यामुळे होतो, असा समज अजून आहे. मांजरामुळेही होतो. एकदा लक्षणे दिसू लागली की हा आजार बहुतेक नेहमीच प्राण घेतो. आणि लक्षणांपूर्वी योग्य उपचार झाले तर तो टळतो. म्हणून पुढील क्रम घरातील प्रत्येकाला पाठ असावा.

दात लागला किंवा नखाने ओरखडले, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नये. पट्टी घट्ट बांधू नये. त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त न आलेला ओरखडाही डॉक्टरांना दाखवावा. रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देण्याची गरज असते. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवावे. मात्र त्याचे काय होते हे पाहण्यासाठी लस लांबवू नये.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील, या धास्तीने काही ज्येष्ठ चावा लपवतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस सहसा दंडात, पद्धतीनुसार चार किंवा पाच दिवशी दिली जाते. ती शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळते. वयामुळे, मधुमेहामुळे किंवा रक्तदाबामुळे ती टाळायची नसते.

मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून जखम बारीक दिसते, पण जंतू खोलवर जातात. हातावरचा चावा एका दिवसात सुजू शकतो आणि त्याला बहुधा प्रतिजैविके लागतात. ओरखड्यानंतर एक-दोन आठवड्यांनी काखेत गाठ आली किंवा ताप आला, तर मांजराचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करा. तो केला नाही, तर तपासण्या भलत्याच दिशेने जातात.

घरातील दुसरा मोठा धोका चाव्याहूनही नेहमीचा आहे, तो म्हणजे पायांत येणारे मांजर. भुकेले मांजर चालणाऱ्याच्या पायांभोवती घोटाळते आणि ज्येष्ठांचे खुब्याचे हाड मोडायला एक अडखळणे पुरते. खाणे देताना ते आधी ओट्यावर वाढून घ्यावे आणि खुर्चीवर बसून खाली ठेवावे. पहाटे स्वच्छतागृहाच्या वाटेवर मंद दिवा लावावा. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांच्या खोलीत रात्री मांजर नसावे.

शेजाऱ्यांचे मन

एक मांजर असेपर्यंत कौतुक असते. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत तिला पिल्ले होतात. वर्षभरात जिना भरतो आणि सोसायटीच्या सभेत आवाज चढतात. म्हणून मैत्री जमली, की पहिले काम निर्बीजीकरणाचे आणि रेबीजच्या लसीचे. मांजराला पिंजऱ्यात घालण्याची खटपट ज्येष्ठांनी करू नये. ते तरुणांनी आणि प्राणिसंस्थांच्या सवयीच्या माणसांनी करावे.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी वस्तीतील प्राण्यांना खाणे देण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवर सोपवली आहे. त्याचा आधार घ्या, पण भांडणासाठी नव्हे. जिन्यात, लिफ्टच्या दारात, मुलांच्या खेळण्याच्या जागी खाणे ठेवू नये. अर्ध्या तासात ताटली उचलून जागा पुसावी. जी आजी ताटली उचलते, तिच्या मांजराला शेजारी दुधावरची साय आणून देऊ लागतात. मग त्यांना सायीऐवजी मासळीचा तुकडा मागावा.

काशीगाव-घोडबंदरच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. आपला परिसर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. रात्री उघड्यावर ठेवलेल्या अन्नावर कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या वस्तीपर्यंत येतो. म्हणून अंधार पडल्यावर बाहेर अन्न ठेवू नये आणि कचरा उघडा टाकू नये.

आधी ठरवून ठेवावे असे काही

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती बहुधा कोणी बोलत नाही. आपण रुग्णालयात दाखल झालो, किंवा मुलाकडे महिनाभर गेलो, तर कुंड्यांना पाणी कोण घालील? मांजराला कोण पाहील? छातीत दुखत असताना "मांजराला कोण खायला घालील" म्हणून रुग्णालयात येण्यास नकार देणारी माणसे असतात. त्यांना हट्टी म्हणून चालणार नाही. ज्याची जबाबदारी घेतली, त्याला सोडवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. त्यावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहा : पाणी घालणाऱ्या शेजाऱ्याचे नाव, मांजराला पाहणाऱ्याचे नाव, आणि जवळच्या पशुवैद्याचा क्रमांक. त्याखाली आपली औषधे आणि आपल्या डॉक्टरांचा क्रमांक असू द्या. एकटे राहणाऱ्यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही लिहून ठेवावी. ज्या शेजाऱ्याचे नाव लिहाल, त्याला आधी विचारा. तेवढ्या निमित्ताने त्याच्या दाराची बेल वाजते, आणि पुष्कळदा तिथून आपल्यालाही एक सोबती मिळतो.

मांजर नको असेल, श्वासाला सोसत नसेल किंवा पाय डळमळत असतील, तर ते न ठेवण्यात कमीपणा नाही. मेथीचा एक ट्रेही पुरे. आणि मांजर आलेच, तर मुलांनी त्याला हुसकावण्याआधी एक प्रश्न आईला विचारावा : "तुला ते हवे आहे का?" तिने "हो" म्हटले, तर वरच्या सूचना घरात वाटून घ्या. वाळूचा ट्रे मुलाने साफ करावा, निर्बीजीकरणाला सुनेने न्यावे, खाणे आईने घालावे.

आज रात्री मूठभर मेथी भिजत घाला. उद्या सकाळी ती पेरा, आणि पुढच्या चार दिवसांत धनुर्वाताच्या लसीची तारीख तपासा. अंकुर येईतो लसही झालेली असेल.